जुने डेकल: काय वाचवायचं, काय सोडायचं

चाळीस वर्षांपूर्वीच्या मॉडेल किटचा खोका उघडला, तर आतलं प्लास्टिक बहुतेक वेळा जसंच्या तसं निघतं. पॉलिस्टायरिन चिवट असतं. उन्हापासून आणि वजनाखाली दबण्यापासून वाचलं, तर ते दशकं काढतं. दगा देतो तो डेकल. पंखांवरची वर्तुळं, शेपटीवरचा क्रमांक, स्क्वाड्रनचं चिन्ह, झाकणांवरच्या बारीक सूचना हे सगळं ज्या वीतभर कागदावर छापलेलं असतं, तो कागद पिवळा पडलेला असतो आणि त्यावर चिरा आलेल्या असतात. पाण्यात सोडला की चित्राचे दहा तुकडे होतात, नाहीतर अर्धा तास भिजवूनही चित्र कागद सोडत नाही.

नंदुरबार, शहादा, तळोद्यासारख्या गावी राहून हा छंद करणाऱ्यापुढे हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. किट कुरिअरनं मागवायचं, नाहीतर परदेशातून येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचं. त्यातला डेकल गेला, तर बाजारात जाऊन दुसरा घ्यावा अशी सोय नाही. म्हणून हाताशी काय आहे आणि त्यातून किती साधतं, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

या प्रश्नावर छांदिष्टांचे तीन पक्ष आहेत. जुनं शीट काहीही करून वाचवा, हा पहिला. ते फेका आणि नवं मागवा, हा दुसरा. डेकलच नकोत, सगळं रंगवा, हा तिसरा. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. चूक होते ती अख्ख्या शीटला एकच न्याय लावताना. एका शीटवर मोठी गोल चिन्हं असतात, सरळ पट्टे असतात, अर्ध्या मिलिमीटरची अक्षरंही असतात. प्रत्येकाचा आजार वेगळा आणि त्याला असलेला पर्यायही वेगळा. माझा कौल थोडक्यात असा: गोल ते रंगवा, अक्षर ते वाचवा. तो का, हे पुढे तपासून पाहू.

एका शीटचे थर

पाण्यावर सुटणाऱ्या डेकलची रचना साधी असते. खाली शोषक कागद. त्यावर डेक्स्ट्रिनसारखा, म्हणजे पिष्टापासून केलेला, पाण्यात विरघळणारा गोंद. त्यावर पारदर्शक फिल्म आणि फिल्मवर शाई. काही शीटांवर शाईच्या वरही आणखी एक पारदर्शक थर असतो. कागद भिजला की गोंद विरघळतो, फिल्म शाईसकट सरकते आणि उरलेल्या गोंदाच्या जोरावर मॉडेलला चिकटते. या साखळीतली कोणतीही एक कडी सुटली, तरी शीट 'जुनं' होतं. म्हणून कोणती कडी सुटली आहे, हे आधी ओळखायला हवं.

छपाईच्या पद्धतीवरही बरंच अवलंबून असतं. इटलीच्या कार्टोग्राफसारखे छापखाने स्क्रीन प्रिंटिंग करतात. शाईचा थर जाड, पांढरा अपारदर्शक आणि फिल्म फक्त चित्राच्या कडेपुरती. अशी शीटं म्हातारपणीही बऱ्यापैकी साथ देतात. ऑफसेटवर छापलेल्या स्वस्त शीटांत रंग ठिपक्यांचे बनतात, पांढरा अर्धपारदर्शक राहतो आणि गडद रंगावर बसवला की खालचा रंग वर दिसतो. काही दोष तर जन्मजात असतात. हासेगावा कंपनीच्या जुन्या किटांतला पांढरा मुळातच हस्तिदंती छटेचा असे. तो म्हातारपणाचा पिवळेपणा समजून उजळायला जाणं म्हणजे वेळ दवडणं. लाल किंवा केशरी रंग त्याच्या खालच्या पांढऱ्यावर नीट न बसता अर्धा मिलिमीटर सरकून छापला गेला असेल, तर तोही जुनेपणाचा दोष नव्हे. तिथे रंग आणि पांढरा वेगवेगळे कापून बसवणं एवढंच हाती असतं.

चार दुखणी

पहिलं दुखणं पिवळेपणाचं. पारदर्शक फिल्म हवेनं आणि काळानं पिवळसर होते. तिचा त्रास सर्वांत जास्त कुठे दिसतो, ते भारतीय हवाई दलाच्या वर्तुळावरून कळतं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. फिल्म पिवळी पडली की पांढरं कडं मलईच्या रंगाचं होतं. त्याच काळात केशरीतला लालसरपणा उडत असतो. दोन्ही रंग एकमेकांच्या दिशेनं सरकतात आणि त्यांच्यातली सीमा पुसट होते. हिरवा मात्र बराच टिकतो. परिणामी अख्खं चिन्ह मळकट दिसतं.

दुसरं दुखणं ठिसूळपणाचं. फिल्म लवचिकपणा गमावते, कागद वाकला की चिरते आणि पाण्यात गेल्यावर त्या चिरांवरूनच फुटते. चिरा डोळ्यांना दिसत नसल्या, तरी शीट उजेडासमोर तिरपं धरलं की दिसतात.

तिसरं, मेलेला गोंद. दमटपणात तो एकदा ओला होऊन पुन्हा सुकला, तर चित्राला कागदाशी घट्ट बांधतो किंवा अजिबात चिकट राहत नाही. कधी तो तपकिरी होतो आणि फिल्मखालून डाग दाखवतो.

चौथ्यात बुरशी आणि किडे येतात. पिष्टाचा गोंद हे कसरीचं आवडतं खाणं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या शीटवर ठिपके पडतात, कडा खाल्लेल्या दिसतात, नाहीतर शीट सूचनापत्रकाला चिकटून बसतं. इथे एक धोक्याची सूचना. कपड्यांच्या सवयीनं किटच्या खोक्यात डांबरगोळ्या टाकू नयेत. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरिन मऊ करते. कसर जाईल, पण किटही जाईल.

उपचाराआधी स्कॅन

काहीही करण्याआधी शीट स्कॅन करावं. हा नियम कुणीही मोडू नये, कारण पुढचा प्रत्येक उपाय उलटू शकतो. शीटशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून किमान ६०० डीपीआयवर, जमलं तर १२०० वर स्कॅन घ्यावा. पट्टीमुळे पुढे छपाई करताना किंवा रंगवण्यासाठी मास्क कापताना माप चुकत नाही. झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅनर चालतो, पण फाईल पीडीएफच्या दाबलेल्या रूपात न घेता मूळ प्रतिमा म्हणून मागावी. मोबाइलचा फोटो पुरेसा नाही, कारण त्यात कडा वाकतात.

स्कॅननंतर चाचणी. प्रत्येक शीटवर न लागणारं काहीतरी असतंच: दुसऱ्या विमानाचा क्रमांक, कंपनीचं नाव, किटचा नंबर. तो तुकडा कापून पाण्यात सोडावा. किती वेळात सुटतो, फुटतो का, मॉडेलच्या जुन्या प्लास्टिकवर चिकटतो का, हे त्याच्यावर पाहावं. चाचणी न करता थेट मुख्य चिन्ह पाण्यात घालणाऱ्यांमुळेच जुन्या डेकलांची बदनामी जास्त झाली आहे.

दुखणं पाहून उपाय

पिवळेपणावरचा सर्वांना माहीत असलेला उपाय म्हणजे ऊन. शीट झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचं. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत फिल्म उजळते. हा उपाय खरा आहे, पण त्याला मर्यादा आहेत. ऊन फिल्म उजळवतं तसंच शाईही उडवतं, आणि लाल-केशरी सर्वांत आधी. तपकिरी झालेला गोंद उन्हानं फारसा सुधारत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे पश्चिमेची खिडकी टाळावी. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं ऊन द्यावं आणि रोज पाहावं. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी, म्हणजे आतला दमटपणा पाण्याच्या थेंबांत बदलत नाही. केशरीला फिकटपणा येताना दिसला की त्याच दिवशी शीट काढावं, मग पांढरा अजून पिवळसर राहिला तरी.

ठिसूळपणावर फिल्मचा नवा थर द्यावा लागतो. मायक्रोस्केल कंपनीचं द्रवरूप डेकल फिल्म यासाठीच विकलं जातं. ब्रशनं एक पातळ थर, पूर्ण सुकू द्यायचं, मग चित्रं कापायची. ऑटोमोबाइलच्या रंगाच्या दुकानातला क्लिअर स्प्रेही लोक वापरतात, पण त्याचा थिनर तीव्र असतो आणि जुनी शाई सोडवू शकतो. म्हणून तो आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहावा. नवा थर दिल्यावर शीटवरची सगळी चित्रं एकाच फिल्ममध्ये गुंतलेली असतात, हे विसरू नये. आता प्रत्येक चित्र नव्या धारेच्या ब्लेडनं कडेला खेटून कापलं नाही, तर भोवती फिल्मचं कुंपण दिसतं. बारीक अक्षरांचा अख्खा समूह मात्र एकत्रच कापावा. सुट्या अक्षरांवर नंतर मेहनत करणं परवडत नाही.

मेलेल्या गोंदाला धीर आणि योग्य पाणी लागतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी जड असलं, तर सुकल्यावर फिल्मखाली पांढरे डाग राहतात. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी क्षाररहित असतं. ते हाताला सोसेल इतकं कोमट करून वापरावं. चित्र त्यात पोहायला सोडायचं नाही. काही सेकंद बुडवून ओल्या टिश्यूवर ठेवायचं आणि बोटानं हलकं ढकलून पाहायचं. सुटलं नाही तर पुन्हा थेंबभर पाणी. गोंद पूर्ण धुऊन गेला असेल, तर फेव्हिकॉलचा एक थेंब बऱ्याच पाण्यात मिसळून फिल्मखाली लावावा आणि बाहेर आलेला लगेच ओल्या कापसानं टिपावा, नाहीतर सुकल्यावर तिथे चमक दिसते.

बसवतानाची द्रावणं सौम्यतेच्या क्रमानं वापरावीत. मायक्रो सेटला व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यात ॲसिटिक ॲसिड असतं. ते पृष्ठभाग तयार करतं आणि जुना गोंद थोडा जागवतं. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळूनही थोडंफार तेच काम होतं. मायक्रो सोल आणि मिस्टर मार्क सॉफ्टर फिल्म मऊ करून मॉडेलच्या खाचांत बसवतात. वॉल्थर्सचं सॉल्व्हासेट याहून तीव्र. जुन्या फिल्मवर तीव्र द्रावण टाकलं की ती सुरकुतते आणि कधी परत सरळ होत नाही. सुरकुती पडली, तर हात लावायचा नाही. बरेचदा ती सुकताना आपोआप बसते.

डेकलखाली चंदेरी झाक दिसते, तेव्हा दोष जुनेपणाचा नसतो, मॅट रंगाचा असतो. खडबडीत पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा अडकते. डेकल लावण्याआधी ग्लॉस क्लिअरचा कोट देणं आणि शेवटी मॅट कोट देणं, हाच त्यावरचा उपाय. हवा अडकलीच असेल, तर सुईनं बारीक टोचून त्यावर मऊ करणारं द्रावण सोडावं.

खानदेशातली हवा

इथल्या हवेत दोन टोकं आहेत. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की फिल्म ठिसूळ होते. पावसाळ्यात, विशेषतः अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगराकडे, कपाटातला कागद ओलसर लागतो. डेकलला वर्षभर एकसारखं हवामान हवं असतं आणि तेच इथे मिळत नाही. म्हणून इथे साठवणुकीवर केलेला खर्च उपचारावरच्या खर्चापेक्षा जास्त कामी येतो.

शीट खोक्यात सुटं ठेवू नये. ते दोन बटर पेपरमध्ये सपाट ठेवून झिपच्या पिशवीत घालावं, सिलिका जेलसह. सिलिका जेलचे नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवे झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं टाळावीत. त्यांतला मऊपणा आणणारा द्रव कालांतरानं छपाईला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चालतात. खोका माळ्यावर नको. छपराखालची उष्णता घरात सर्वांत जास्त तिथेच असते. नंदुरबार शहरात आणखी एक स्थानिक काळजी: हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. पथारीच्या वाऱ्याच्या बाजूला घर असेल, तर क्लिअर कोट त्या दिवसांत बंद खोलीत मारावा. ओल्या वार्निशवर बसलेली लाल धूळ नंतर निघत नाही.

नवं आणायचं तर

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, नवं शीट आणा, ऐकायला सोपं वाटतं. ब्रिटनच्या हॅनंट्सचं एक्स्ट्राडेकल किंवा अमेरिकेचं मायक्रोस्केल यांसारखी नावं जगभर परिचित आहेत. पण भारतीय चिन्हांची शीटं मोजकी निघतात, संपली की लवकर परत येत नाहीत, आणि टपाल व सीमाशुल्क मिळून डेकल किटपेक्षा महाग पडतो.

त्यातही आधी प्लास्टिक तपासायला हवं. एअरफिक्सचं जुनं १:७२ मापाचं नॅटचं किट दोनआसनी प्रशिक्षण विमानाचं आहे, आणि भारतीय हवाई दलानं १९६५ च्या युद्धात गाजवलेलं नॅट एकआसनी लढाऊ होतं. त्या किटवर भारतीय वर्तुळं चढवली, तर डेकल कितीही चांगला असला तरी विमान चुकीचंच राहतं. काळही पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून चिन्हातला लाल काढून टाकला होता. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं आणि १९५० पासून आजचं तिरंगी वर्तुळ आलं.

घरी छापणं हा मधला मार्ग. लेझर आणि इंकजेट, दोन्हींसाठी पारदर्शक आणि पांढरे डेकल कागद मिळतात. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर क्लिअर कोट अनिवार्य. खरी अडचण पांढऱ्याची. साधा प्रिंटर पांढरा छापत नाही, कागदाचा पांढरा वापरतो. आल्प्स कंपनीचे रिबनवर चालणारे प्रिंटर पांढरा आणि सोनेरी-चंदेरीही छापत, म्हणून मॉडेलकारांत त्यांना मान होता. त्यांचं उत्पादन बंद झालं आहे. पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आहेत, पण ते दर जिल्ह्याच्या गावी सापडणारे नाहीत. तोवर पांढऱ्या डेकल कागदावर छापून कडेला खेटून कापणं किंवा मॉडेलवर आधी पांढरा रंग देऊन त्यावर पारदर्शक डेकल बसवणं, एवढंच उरतं.

नौदलाच्या मॉडेलात ही अडचण नेमकी भोवते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये विमानवाहू नौका विक्रांतवरून पूर्व पाकिस्तानातल्या लक्ष्यांवर झेपावलेली सी हॉक ही ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, 'व्हाइट टायगर्स'ची विमानं होती. पांढऱ्या वाघाचं चिन्ह साध्या प्रिंटरवर निघत नाही आणि रंगवून साधत नाही. असं चिन्ह जुन्या शीटवर शाबूत असेल, तर सगळी मेहनत तिथे खर्च करावी. विमान खरं कसं दिसायचं ते पाहायचं असेल, तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल उड्डाण संग्रहालयात सी हॉक उभं आहे.

रेडियमच्या दुकानातून

आता तिसरा पक्ष. रंगवणं पाश्चात्त्य छांदिष्टांना अवघड वाटायचं, कारण गोल मास्क कापणं कठीण होतं. आपल्याकडे ती अडचण आता राहिलेली नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि नावं कापणारं रेडियमचं दुकान असतं आणि त्यात संगणकाला जोडलेला प्लॉटर असतो. स्कॅनवरून वर्तुळ काढून फाईल दिली, तर तो पातळ व्हिनाइलमधून समकेंद्री कडी कापून देतो. फक्त जास्त चिकट नसलेलं व्हिनाइल मागायचं, नाहीतर मास्क काढताना खालचा रंगही उचलला जातो.

कृती अशी. बाहेरची चौकट मॉडेलला लावायची आणि आतलं पूर्ण वर्तुळ पांढरं मारायचं. सुकल्यावर पांढऱ्या कड्याचा मास्क आणि मधली चकती चौकटीच्या खाचेत परत बसवायची आणि केशरी मारायचा. मग केशरी झाकून मधली चकती काढायची आणि हिरवा मारायचा. एकाच कापात निघालेले तुकडे एकमेकांत चपखल बसतात, त्यामुळे केंद्र सरकत नाही. एअरब्रश नसेल, तर स्पंजनं कोरडे ठोके देऊनही चांगलं वर्तुळ येतं. रंगाचा थर पिवळ्या पडणाऱ्या फिल्मवर उभा नसतो, त्यामुळे मुख्य आजारच उरत नाही.

पण आकडे पाहिले की या वाटेची हद्द कळते. खऱ्या विमानावर ६० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ १:७२ मापात ८.३ मिलिमीटर होतं. प्लॉटरला ते सोपं. २० सेंटिमीटर उंचीचं अक्षर २.८ मिलिमीटर होतं. हंटर विमानाचं 'बीए' आणि नॅटचं 'आयई' अशी क्रमांकाआधीची अक्षरं चांगल्या पात्याच्या प्लॉटरवर जमतात, पण काठावर. २.५ सेंटिमीटरची सूचना ०.३५ मिलिमीटर होते. ती कुठलाही प्लॉटर कापत नाही आणि कुठलाही हात रंगवत नाही. इथेच रंगवणाऱ्यांचा पक्ष थांबतो आणि वाचवणाऱ्यांचा सुरू होतो.

देवनागरी अक्षरं

महाराष्ट्रातल्या मॉडेलकारांचा खरा प्रश्न इथे येतो. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधलेल्या मिग-२१ ची किटं परदेशी कंपन्यांनी बनवली. त्या किटांत निदान काही डेकल तरी येतात. पण आपल्याकडे कितीतरी मॉडेलं किटांतून होतच नाहीत.

रेल्वेचं घ्या. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे, आणि ते पाहून कितीतरी मुलं या छंदाला लागली असतील. रेल्वे मॉडेलांचं एचओ माप १:८७. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारहून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या डब्यांवर रोमन अक्षरांसोबत 'प.रे.' लिहिलेलं असतं. १० सेंटिमीटरचं अक्षर या मापात १.१५ मिलिमीटर उतरतं. परदेशी कंपनी ते छापणार नाही.

एसटीचं तसंच. गावोगावची मुलं सनबोर्ड आणि पुठ्ठ्यापासून लालपरीची मॉडेलं बनवतात आणि त्यांचं काम पाहण्यासारखं असतं. त्यावरची 'महाराष्ट्र राज्य परिवहन' ही अक्षरं, पाट्या, क्रमांक हे सगळं बहुधा इंकजेटवर स्टिकर कागदावर छापलेलं असतं. ही शाई दिवाणखान्याच्या उजेडात एक-दोन वर्षांतच उडू लागते. डेकलाचा जुनेपणा चाळीस वर्षांनी येतो, या स्टिकरांचा चाळीस महिन्यांतही येऊ शकतो. उपाय मात्र तेच: मूळ फाईल जपून ठेवा, शक्य तिथे लेझरवर छापा, वरून क्लिअर कोट द्या, उन्हात ठेवू नका. क्रमांकही नीट पाहावा. शहादा किंवा नवापूर आगारातल्या गाडीवर नंदुरबारचा एमएच ३९ शोधणारा फसतो. एसटीच्या बहुतेक गाड्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जात आणि त्यांवर एमएच १४, २० किंवा ४० दिसतं.

पाट्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. 'नंदुरबार-धुळे' पाटी वर्षानुवर्षं पेंटर हातानं रंगवत आला. त्या अक्षराचं वळण संगणकाच्या फाँटात सापडत नाही. पाटीचा समोरून, सरळ, मोजपट्टीसह घेतलेला फोटो हाच इथला स्कॅन.

बांधून झालेली मॉडेलं

कपाटात उभ्या असलेल्या मॉडेलवर उपचार करायचा, तर हात आखडता ठेवावा. कड उचलली असेल, तर मऊ करणारं सौम्य द्रावण ब्रशनं कडेखाली सोडून ओल्या कापसानं दाबावं आणि वर क्लिअर कोट द्यावा. फिल्म पिवळी झाली असेल, तर उन्हाचा उपाय वापरता येत नाही. रंगही उडतो आणि प्लास्टिकही पिवळं पडतं. गोल चिन्ह खूपच खराब असेल, तर चिकटपट्टीनं उचलून किंवा ओल्या टिश्यूनं भिजवून काढावं आणि रंगवावं. थिनरनं पुसायला जाऊ नये, प्लास्टिक विरघळतं. अक्षरं पिवळी असली तरी राहू द्यावीत. पुढचा बिघाड रोखायला काचेचं बंद कपाट आणि मंद उजेड पुरतो. नाजूक छापील वस्तूंवर ५० लक्सपर्यंतच प्रकाश असावा, असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे. खिडकीसमोरचं शोकेस याच्या कित्येक पट पुढे जातं.

हिशेब

तिन्ही पक्ष एकत्र मांडले, तर वाटणी स्पष्ट होते. वर्तुळं, पट्टे, शेपटीवरचे झेंडे यांत माहिती अशी काही नसते. व्यास आणि रंग कळले की ती पुन्हा काढता येतात आणि रंगवलेली जास्त टिकतात. त्यांच्यासाठी जुन्या शीटवर आठवडे घालवण्यात अर्थ नाही. क्रमांक, चिन्हं आणि सूचना यांची गोष्ट उलटी आहे. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या छपाईत कुणीतरी पाहून, मोजून, तपासून काढलेली माहिती असते. त्यांच्यासाठी नवी फिल्म, बॅटरीचं पाणी, तासभर धीर हे सगळं परवडतं. नवं शीट मागवायचं ते त्या अक्षरांसाठी मागवावं, वर्तुळांसाठी नाही.

हातात बरंच काही असलं, तरी उपायांचा क्रम साठवणूक, स्कॅन, चाचणी आणि मग द्रावण असाच राहतो. शेवटच्या पायरीवरच सगळी चर्चा होते, कारण बाटली विकत मिळते आणि ती घेतल्याचं समाधानही. पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ फुकट आहेत. त्या चुकल्या, तर बाटली काही करू शकत नाही.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत तर निवडीला वाव नाही. हंटरचा क्रमांक पुन्हा छापणारा कुणी ना कुणी जगात निघेल. 'प.रे.' आणि आगाराच्या पाट्या छापणारा बाहेरून येणार नाही. त्या आपल्या मॉडेलकारांनीच स्कॅन करून, मापासह, एकमेकांना वाटून ठेवल्या पाहिजेत. शहाद्याच्या मुलानं काढलेली फाईल सोलापूरच्या मुलाला मिळाली, की दोघांचंही अर्धं काम झालं.